माफीचा अर्ज

सकाळी पावणेसातला मी इमारतीच्या दारात पोचले तेव्हा तिघं जण पाटीसमोर उभे राहून हसत होते. दुसऱ्या मजल्यावरचे नवरा-बायको, फिरायला निघालेले, आणि दूधवाला. मला बघून ते थांबले. एकदम नाही. आधी बायकोनं नवऱ्याला कोपर मारलं. मग तो खोकला. मग दूधवाल्यानं पिशवी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

मी पाटी वाचली. पांढरा बोर्ड, काळी अक्षरं, छापल्यासारखी सुबक.

"पोळ्यांच्या बाई गेल्यावर रहिवाशांनी प्रथम भांडी मोजावीत. पोळ्या नंतर मोजल्या तरी चालतील. – सेक्रेटरी."

त्या इमारतीत पोळ्यांच्या बाई एकच होत्या. मी.

सदाशिव पेठेतली चार मजली इमारत. तिथे चार घरी मी नऊ वर्षं पोळ्या करत होते. पर्वतीच्या पायथ्याच्या आमच्या वस्तीतून निघायचं, कॅनॉलच्या कडेनं चालत यायचं, सातच्या आत पहिल्या घरी कणीक मळायला घ्यायची. सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. आप्पांच्या पाट्या गल्लीत प्रसिद्ध होत्या. "येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल. पंप आपला आपण आणावा." अशा. लोक थांबून फोटो काढायचे. मीही हसले होते त्या पाट्यांवर. हे सांगायलाच पाहिजे. एकदा कुरियरवाल्या मुलांवर पाटी होती, तेव्हा मी पोट धरून हसले होते.

आप्पा कधी कोणाला अरे-तुरे करत नसत. मला "अहो बाई" म्हणायचे. माझा पाण्याचा पेला वेगळा होता, ओट्याखाली, उपडा. माझ्या हातच्या पोळ्या त्यांना चालायच्या, माझ्या ओठाला लागलेला पेला चालायचा नाही. पण बोलणं अहो-जाहोचं. नऊ वर्षं मला वाटत राहिलं, अहो म्हणणारा माणूस मान देतो.

आदल्या दिवशी त्यांच्याकडे चांदीची एक वाटी सापडत नव्हती. काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, मला विचारलं होतं, "बाई, वाटी पाहिलीत का?" मी नाही म्हटलं. मी पाहिली नव्हती. विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

पाटी वाचून मी जिना चढले. आप्पा दारातच पेपर वाचत बसले होते.

"आप्पा, खालची पाटी माझ्यावर आहे का?"

त्यांनी पेपर खाली केला नाही. "तुमचं नाव आहे का तिच्यावर?"

"नाही."

"मग तुम्ही का लावून घेता? आणि आज पोळ्या जरा मऊ करा. कालच्या वातड होत्या."

आणि मी आत गेले. पोळ्या केल्या. बावीस. मऊ केल्या.

लोकांना वाटतं मला त्या पाटीची लाज वाटते. मला त्या बावीस पोळ्यांची लाज वाटते. अजून.

संध्याकाळी मुलगी कॉलेजातून आली. फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "आई, बघ ना, कसली भारी पाटी आहे. सगळ्या ग्रुपवर फिरतीये." मग तिनं फोटो मोठा केला. वर इमारतीचं नाव दिसत होतं. ती नाव ओळखत होती. लहानपणी शाळेला सुट्टी असली की माझ्याबरोबर यायची, जिन्यात बसायची. तिनं फोन बंद केला आणि उलटा ठेवला.  रविवारी विहारात वंदनेला गेले तर तिथल्या बायकांच्या ग्रुपवरही तोच फोटो. शेजारणीनं खाली हसरे चेहरे टाकले होते. तिला माहीत नव्हतं ती कोणाला हसतेय.

तीन दिवसांत तीन घरं गेली. कोणी चोर म्हटलं नाही. "सध्या नको." "आम्ही डबा लावतोय." "गावाला जातोय, आल्यावर सांगते." चौथं घर आप्पांचं. तिथे मीच गेले नाही. तर काकूंचा फोन.

"बाई, आज आला नाहीत? आमच्याकडे पाहुणे आहेत."

मी आधी ऐकतच राहिले. त्यांना खरंच कळत नव्हतं मी का आले नाही.

"काकू," मी म्हटलं, "आधी भांडी मोजून घ्या." आणि फोन ठेवला.

 मोकळं वाटलं.

महिनाभरानं स्नेहल घरी आली. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहून वकिलीचं शिकायची ती मुलगी. सांगलीकडची. कधी उशीर झाला तर मी तिला दोन पोळ्या देऊन जायचे. वस्तीत पत्ता विचारत विचारत आली होती. आत येऊन बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, तो फोटो मीही पुढे पाठवला होता."

"हसलीस?"

"हो."

मी तिचा रिकामा पेला उचलला. ती उठून जाईल असं वाटलं. गेली नाही.

"मला सनद मिळालीये आता," ती म्हणाली. "तुमची इच्छा असेल तर दावा लावू. अब्रुनुकसानीचा. पैसे घेणार नाही."

आधी आम्ही नोटीस पाठवली. त्यात एकच मागणी होती. चूक झाली असं लिहून द्या, आणि तो कागद जिथं पाटी होती तिथं लावा. आप्पांचं उत्तर आलं, पाटी विनोदी आहे, विनोद न कळणं हा आमचा दोष नाही. मग दावा. स्नेहलनं विचारलं, "मावशी, नुकसानभरपाई किती मागायची? तुम्हीच सांगा." मी दोन दिवस विचार केला. मग तिला म्हटलं, "आप्पांना कोणी चोर म्हटलं असतं, तर त्यांनी जेवढी मागितली असती तेवढी माग." तिनं आकडा लिहिला. लाखांत.

तेव्हा मला कळलं, की कोर्टात जेवढं मागायचं त्या मानानं आधी फी भरावी लागते. अब्रू जेवढी मोठी सांगाल तेवढी फी मोठी. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे होते. ते भरले. तिनं वर्षभर कोथरूडला एका दुकानात कपड्यांच्या घड्या घातल्या. तक्रार केली नाही, म्हणून जास्त लागलं.

दावा तीन वर्षं चालला. साक्षीत आप्पा म्हणाले, चोरी झालीच नाही. वाटी? कोणती वाटी? पाटीत वाटीचा उल्लेख नाही. मी सर्वसाधारण सूचना लावली, रहिवाशांच्या हितासाठी. म्हणजे चोरी नव्हती. चोर मात्र होती.

त्यांच्या वकिलांनी मला विचारलं, "पाटीवर आपलं नाव आहे?"

"नाही."

"मग आपणच ती पाटी स्वतःला का लावून घेतली?"

कोर्टात हशा झाला. पाटी मोठ्यानं वाचली गेली तेव्हाही झाला होता. लिहून घेणारी बाईसुद्धा तोंड खाली घालून हसत होती. मला तिचा राग आला नाही. पाटी होतीच तशी. चांगली लिहिली होती.

निकाल आला. दावा फेटाळला. नाव नाही, म्हणून अमुकच बाईवर रोख होता हे सिद्ध होत नाही.

अपिलाला तीस दिवस. आणि फी पुन्हा, पहिल्याएवढीच. मी कोर्टात फीच्या खिडकीवर विचारलं, "एकदा भरलीय ना?" आतल्या माणसानं वर न बघता सांगितलं, "ती दाव्याची. ही अपिलाची. एवढी जमत नसेल तर रक्कम कमी करा. कमी मागा, कमी भरा."

किंमत कमी करा. भाजीवाल्याला म्हणावं तसं.

स्नेहल ज्या मोठ्या वकिलांकडे काम करायची, त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. चांगला माणूस. म्हणाले, "बाई, एक रुपया मागा. तत्त्वाचा प्रश्न म्हणून. फारच शोभून दिसतं."

मी म्हटलं, "साहेब, एक रुपया मागायला आधी घरात पुष्कळ असावं लागतं. माझ्यासारखीनं एक रुपया मागितला तर लोक म्हणतील, बरोबर मागितला."

त्यांनी चहा संपवला.

मोफत कायदेशीर मदत मिळते म्हणून एका कार्यालयात गेले. रांगेत अडीच तास. टेबलामागच्या बाईनं विचारलं, "कशाचं आहे? पोटगी?"

"नाही. अब्रुनुकसानी."

"त्याला इथे मदत मिळत नाही. नवरा मारतो का?"

"नवरा वारला."

"जागेचं काही?"

"नाही. अब्रूचं आहे."

"ते आमच्यात बसत नाही, ताई." तिनं पुढच्या बाईला हाक मारली. नियम तिनं केला नव्हता. पण परत येताना मी बसमध्ये विचार करत होते. नवऱ्यानं मारलं असतं तर बसलं असतं. पाटीनं मारलं, ते बसत नाही.

बावीस दिवस उरले होते. स्नेहल म्हणाली, "अजून एक वाट आहे, मावशी. निर्धन म्हणून अर्ज करायचा. फी भरायची ऐपत नाही हे कोर्टाला पटलं, तर फी न भरता अपील घेतात. जुने वकील त्याला नादारीचा अर्ज म्हणतात."

नादारी. तो शब्द चाळीस वर्षांनी कानावर पडला.

मी सातवीत होते. आमच्या वेळी गरिबांच्या पोरींना फी माफ व्हायची, त्याला नादारी म्हणत. बाई वर्गात यादी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "नादारीवाल्या मुलींनी उभं राहा." पाच जणी उभ्या राहायच्या. बाकीच्या वळून बघायच्या. त्या वर्षी मी उभी राहिले नाही. मान खाली घालून बसून राहिले. बाईंनी यादीतलं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नकोय वाटतं हिला. मग उद्या फी घेऊन ये." दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. वडील झाडलोटीच्या कामावर पहाटे जायचे, त्यांना महिनाभर पत्ता नव्हता. मला शाळेतून कोणी काढलं नाही. पाच जणींबरोबर उभं राहायची लाज वाटली, म्हणून माझी शाळा सुटली. पुढं आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या ओट्याशी उभी राहिले. रोज. त्याची लाज वाटायची मुभा नव्हती.

"कर अर्ज," मी स्नेहलला म्हटलं.

अर्जाला यादी जोडावी लागते. घरात काय काय आहे ते सगळं. आम्ही तिघी जमिनीवर बसलो. कपाट. शेगडी. मिक्सर. फ्रिज, एका घरून जुना मिळालेला. मी सांगत होते, मुलगी लिहीत होती. पोळपाट-लाटणं म्हटल्यावर स्नेहल म्हणाली, "ते धरायचं नाही. कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत."

"काय म्हणालीस?"

"हत्यारं. कायद्यात आहे. ज्याच्यावर पोट चालतं ती."

लाटण्याला हत्यार म्हणणारी ती पहिलीच. मुलगी हसली. बऱ्याच दिवसांनी.

माझ्या ऐपतीच्या चौकशीची तारीख तीनदा पुढं गेली. दोनदा आप्पांच्या तब्येतीचं कारण, एकदा त्यांच्या वकिलांच्या. त्याआधी तारखेच्या दिवशी मी कामाच्या घरी खोटं सांगायचे. दवाखाना, मुलीचं कॉलेज. या वेळी कोथरूडला नव्यानं धरलेल्या पाचही घरी खरं सांगितलं. कोर्टात जातेय, माझी केस आहे. एका बाईनं दुसऱ्याच दिवशी कामावरून कमी केलं. चार राहिली.

माझं नाव पुकारलं. मी पिंजऱ्यात उभी राहिले. आप्पा मागच्या बाकावर, पांढरा शर्ट, मांडीवर घडी केलेला मफलर. फी सरकारची, म्हणून सरकारी वकीलही आले होते, फाईल चाळत होते. आप्पांचे वकील उठले. वयस्कर, आवाज गोड.

"आपल्याकडे मोबाइल आहे?"

"आहे. मुलीचा जुना."

"फ्रिज?"

"आहे. दार लागत नाही नीट."

"मुलगी काय करते?"

"नर्सिंग शिकते."

"म्हणजे शिक्षणाला पैसे आहेत, कोर्टाला नाहीत."

"हो," मी म्हटलं. "शिक्षणाला आहेत. कोर्टाला नाहीत."

मागं कोणीतरी हसलं, पण अर्धवट.

"किती घरी पोळ्या करता सध्या?"

"चार. कोथरूडला."

"चार घरच्या पोळ्या." ते न्यायाधीशांकडे वळले. "आणि अब्रू लाखांची. पोळ्यांच्या बाईंची अब्रू एवढी असते, हे आम्हाला यांच्याकडूनच कळलं."

आता हशा पुरा झाला. आप्पा मान हलवत होते, चांगल्या वाक्याला दाद द्यावी तशी. माझे कान तापले.  तीच सातवीतली इच्छा, खाली बसावं, मान घालावी. पिंजऱ्याची लाकडी पट्टी मी दोन्ही हातांनी धरली.

"साहेब," मी न्यायाधीशांना म्हटलं, "अब्रू पगारावर ठरत असेल तर आधी आप्पांची पेन्शन विचारा. मग माझा पगार विचारा. मग दोघांची अब्रू शेजारी शेजारी ठेवा आणि सांगा, कोणाची किती."

हसणं थांबलं. वकील म्हणाले, "हे उत्तर नाही." न्यायाधीशांनी हात वर केला.

"बाई, थोडक्यात सांगा. तुम्हाला फी माफ करून हवी आहे. हो की नाही?"

"नाही."

स्नेहलनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला. एका शब्दानं सगळं जाईल असं तिला वाटलं असणार.

"माफ नको," मी म्हटलं. "नंतर घ्या. जिंकले तर त्यातून कापून घ्या. हरले तर माझ्याकडून घ्या. कायद्यात तसंच आहे असं मला समजावून सांगितलंय. आज जवळ नाहीत म्हणून दार लावू नका, एवढंच मागतेय. गरीब आहे, ते खरं आहे, चारचौघांत सांगते. माफीचं वेगळं आहे. माफी मला मागायची नाही, साहेब. मला ती घ्यायची आहे."

  न्यायाधीशांनी टायपिस्टकडे बघितलं.

"बोलल्या तसंच घ्या," ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी आदेश झाला. अर्ज मंजूर. फी न भरता अपील दाखल करून घ्यावं. स्नेहल रडली. मला रडू आलं नाही. खिडकीवरच्या माणसानं कागद पुढं सरकवला आणि या वेळी वर बघून म्हणाला, "हरलात तर सगळी फी एकदम भरावी लागेल. नाही भरली तर वसुलीला घरी येतात. कळतंय ना?"

"कळतंय."

मी सही केली.

बाहेर व्हरांड्यात स्नेहल हळू आवाजात म्हणाली, "मावशी, अजून एक सांगायचंय. आप्पा ब्याऐंशीचे आहेत. अशा दाव्यात समोरचा माणूस गेला की दावाही तिथंच संपतो. तो मुलाबाळांवर चालत नाही. म्हणून ते तारखा मागतायत. पुढंही मागत राहतील."

मला एकदम सगळं दिसलं. डॉक्टरची सर्टिफिकेटं. पुढच्या तारखा. त्यांना जिंकायची गरज नव्हती. नुसतं थांबायचं होतं.

आप्पा तेव्हा जिन्यानं उतरत होते. वकील पुढे गेले होते फोनवर बोलत. कोर्टाच्या पायऱ्या झिजलेल्या आहेत. तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय सरकला. मी मागोमाग उतरत होते, दोन पायऱ्या वर. खाली झेपावले आणि त्यांचा हात धरला. कणीक मळणारा हात आहे माझा. ते जागच्या जागी उभे राहिले. हात हलका होता, हाडंच हाडं.

"आभारी आहे, बाई," ते म्हणाले. सवयीनं.

मी हात सोडला नाही.

"आप्पा, जपून उतरा. औषधं वेळेवर घ्या. थंडीत बाहेर पडू नका." ते माझ्याकडे बघायला लागले. नऊ वर्षांत आणि पुढच्या पाच वर्षांत पहिल्यांदा, नीट, तोंडाकडे. "शंभर वर्षं जगा. मी मनापासून म्हणतेय. निकाल लागेल त्या दिवशी तुम्ही मला कोर्टात समोर बसलेले हवे आहात."

त्यांना काही सुचलं नाही. त्यांना काही सुचलं नाही असं मी कधी बघितलं नव्हतं.

मी त्यांना शेवटच्या पायरीपर्यंत उतरवून दिलं. मग पुन्हा वर गेले, पुढची तारीख लिहून घ्यायला.